तिसरी हाक

कातळमाळ प्रकल्पावर मला पाठीमागे 'नियमावली' म्हणतात. समोर अर्थातच खोत मॅडम. मी कालव्याच्या कठड्यावर दिसले की हेल्मेटं डोक्यावर चढतात, तंबाखूच्या पुड्या खिशात जातात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, आली नियमावली. मला त्याचं काही वाटत नाही. सहा वर्षांत इथे एकही माणूस दगावलेला नाही, आणि ते माझ्या गोड बोलण्यामुळे झालेलं नाही.

कार्तिकातल्या त्या संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी हणमंत सुतारचा फोन आला. वरच्या तळ्याचा दरवाजा हणमंत सांभाळतो.

"मॅडम, कालव्यात गव्याचं पिल्लू पडलंय. कुंपणावर झाड कोसळलंय, तिथनं घुसलं आणि शेवाळावरनं घसरलं. आई वर कठड्याला फेऱ्या मारतीया. कुणाला जवळ येऊ देईना."

"पिल्लाला लागलंय?"

"न्हाई, चांगलं पळतंय की. पण वर चढता येईना त्याला."

"कुणीही आत उतरायचं नाही. मी निघाले."

"न्हाई उतरत," तो म्हणाला, पण मध्ये जरा थांबून म्हणाला. तेवढ्यावरून मला कळलं की तिथे कुणाच्या तरी मनात ते आलेलं आहे.

आमच्या प्रकल्पाचं काम सांगायला सोपं आहे. हल्ली दिवसा उन्हाची वीज इतकी तयार होते की ती ठेवायची कुठे हा प्रश्न असतो. आम्ही ती पाण्यात ठेवतो. खालच्या तळ्यातलं पाणी दिवसभर पंपांनी नळातून डोंगरावर चढवायचं, आणि सूर्य मावळला, घरोघरी दिवे आणि शेगड्या पेटल्या, की तेच पाणी खाली सोडून वीज परत घ्यायची. वरच्या तळ्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत चारशे मीटरचा काँक्रीटचा कालवा आहे. दिवसभर तो कोरडा असतो. संध्याकाळी साडेसहाला दरवाजा उघडतो आणि पाऊण मिनिटात त्यात दोन पुरुष पाणी धावायला लागतं. त्या पाण्यापुढे गवा काय, ट्रकही टिकणार नाही.

दरवाजा उघडायला माणूस लागत नाही. माणूस आत राहू नये म्हणून मात्र वैद्यबुवा आहेत.

हे नाव आमच्या लोकांनी ठेवलेलं. कालव्याच्या दोन्ही कडांना पंज्याएवढ्या पांढऱ्या डब्या बसवल्या आहेत. माणसाच्या हृदयाचा ठोका पडतो तेव्हा छाती केसभर हलते. श्वासाने थोडी जास्त. डब्यांमधून निघालेल्या लहरी छातीवर आपटून परत येतात आणि येताना त्या केसभर हालचालीची खूण घेऊन येतात. अंधार असो, धुकं असो, माणूस गाळात गळ्यापर्यंत रुतलेला असो, लहरींना फरक पडत नाही. लांबूनच नाडी बघतो, म्हणून वैद्य. आत एक जरी नाडी लागली तरी दरवाजा जागचा हलत नाही.

वैद्यबुवा येण्याआधी कुलपं होती. कालव्यात उतरणारा प्रत्येक जण आपलं स्वतःचं पितळी कुलूप दरवाजाच्या लोखंडी अडसराला लावायचा. दहा जण आत, तर दहा कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या करगोट्याला. एकाचं कुलूप दुसऱ्याने काढायचं नाही, मग तो साहेब असो की सख्खा भाऊ. आणि शेवटचं कुलूप काढणाऱ्याने आधी कालव्याकडे तोंड करून तीन हाका मारायच्या: कोण हाय का आत?

मी नोकरीला लागले त्या दिवशी माझ्या हातात कुलूप दिलं दौलूमामा येडगे यांनी. वरच्या धनगरवाड्यातले. तीस वर्षं दरवाजावर काढलेला माणूस. माझं नाव त्यांनीच छिन्नीने त्यावर ठोकलं. "वैजू, पहिली हाक ऐकू येणाऱ्याला," ते म्हणाले होते. "दुसरी झोपलेल्याला. तिसरी, ज्याला उत्तर देता येत न्हाई त्याला. तिसऱ्या हाकेनंतर कान लावायचा नसतो, पोरी. जाऊन बघायचं असतं."

आता ती कुलपं दरवाजाच्या खोलीत काचेच्या कपाटात असतात. खंडेनवमीला मात्र आमचे लोक कुणाचं ऐकत नाहीत. कुलपं बाहेर काढून चिंचेने घासतात, अडसराला लावतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. त्यासाठी अडसराला तेलपाणीही करतात. दरवर्षी मी त्याबद्दल ताकीदपत्र काढते, आणि दरवर्षी माझं कुलूप कुणीतरी घासून ठेवलेलं असतं.

त्याच दौलूमामांना चार वर्षांपूर्वी मी घरी बसवलं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. कालव्यात एक कुत्री पिल्लं घेऊन शिरली होती, आणि हे जाऊन मधोमध उभे राहिले. वैद्यबुवांना नाडी लागली, दरवाजा थांबला, कुत्री वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी अहवाल लिहिला. स्वतःचं शरीर बटणासारखं वापरायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे. त्या दिवसापासून दौलूमामा माझ्याशी बोलले नव्हते.

मी पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. पिल्लू तांबूस रंगाचं, दोनेक महिन्यांचं असेल. कालव्याच्या तळाशी ते वीस पावलं इकडे पळायचं, वीस पावलं तिकडे, मग उतारावर चढायला जायचं आणि घसरून गुडघ्यांवर पडायचं. वर आई. तिच्या नाकातून निघणारा आवाज मला गाडीच्या बंद काचेतूनही ऐकू येत होता.

सफाईच्या गाड्यांसाठी कालव्याच्या खालच्या टोकाला एक सौम्य उतार आहे. त्याचं जाळीचं दार वरूनच साखळीने उचलता येतं. म्हणजे कुणी आत जायची गरज नव्हती. दार उचलायचं, माणसं मागे घ्यायची आणि वाट बघायची. आईच्या आवाजामागे पिल्लू आज ना उद्या तिथे गेलंच असतं. हवा होता फक्त वेळ.

मी मुख्य नियंत्रणात काळसेकरांना फोन लावला. ते दोनशे किलोमीटरवर शहरात बसतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते त्यांचं काम, पण माणूस वाईट नाही.

"दीड तास द्या," मी म्हणाले.

"मॅडम, माझ्या हातात असतं तर दिला असता. दरवाजा थांबवायला यंत्र तीनच कारणं घेतं. पूर, बिघाड आणि आत माणूस. चौथं कारण टाकायला माझ्याकडे रकानाच नाही."

"लाल बटण दाबलं तर?"

"दाबा की. ते वैद्याला विचारतं, आत माणूस आहे का. नाही म्हणाला की मिनिटभरात बटण आपोआप सुटतं. तुमचीच सूचना होती ती."

होती. लोक ऊठसूट बटण दाबायचे म्हणून मीच ती केली होती.

"आणि साडेसहाला तुमची वीज आली नाही तर दोन तालुके अंधारात जातील," काळसेकर म्हणाले. "कुणाच्या घरी श्वासाचं यंत्र लावलेलं असेल. वीस मिनिटं आधी कळलं तर मी दुसरीकडून वीज वळवू शकतो, पण त्याला कारण लागतं हो. वनखात्याला कळवून ठेवा."

वनखात्याची गाडी घाटाच्या पायथ्याशी होती. वर यायला तिला दोन तास लागणार होते.

फोन ठेवला आणि समोर बघितलं, तर डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, असा एक म्हातारा कालव्याच्या लोखंडी शिडीने खाली उतरत होता. हणमंताने मला फोन करण्याआधी कुणाला केला होता ते तेव्हा समजलं.

"मामा, वर या," मी कठड्यावरून म्हणाले.

"खोत मॅडम, तुमी फारम भराय घ्या," दौलूमामा वर न बघता म्हणाले. "मी जरा उभा ऱ्हातो हितं."

"तुम्ही नोकरीत नाही. तुम्हाला इथे यायचीही परवानगी नाही."

"म्हणून तर आलो. माझं काय काढून घेणार आता?"

हणमंत माझ्याकडे बघेना. माझ्या हातातल्या टॅबवर वैद्यबुवांचा आकडा शून्याचा एक झाला. आत माणसं: १. दरवाजापुढे लाल खूण आली. हणमंताने सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगते, क्षणभर मीही सोडला.

पण दौलूमामा तिथे थांबले नाहीत. पिल्लू घाबरून कोपऱ्यात अंग चोरून उभं होतं, आणि ते त्याच्याकडे चालत निघाले. हळू, जनावराकडे जावं तसे तिरपे. दहा पावलं उरली. पाच उरली. माझ्या टॅबवर एकाचा शून्य झाला. दरवाजापुढची लाल खूण गेली आणि हिरवी आली.

मला कारण माहीत होतं, कारण ती गाळणी मीच मागितली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी वानरांनी उच्छाद मांडला होता. वानराची नाडी माणसासारखीच, त्यामुळे एकेचाळीस वेळा वैद्यबुवांनी तिला माणूस समजून दरवाजा अडवला. मग मी लिहिलं की जनावर ओळखून ते वगळणारी गाळणी द्या. कंपनीने दिली. ती जनावराची नाडी ओळखते आणि त्याच्या भोवतालचा तीन-चार मीटरचा तुकडा हिशेबातून पुसून टाकते. त्या तुकड्यात माणूस असला तर तोही पुसला जातो. माहितीपुस्तकात ते एका ओळीत दिलेलं आहे. मी त्यावरून सतरावा नियम केला: कालव्यातील जनावराच्या जवळ जाऊ नये. कारण लिहिलं नाही. नियमाला कारण कशाला, असं मला तेव्हा वाटायचं. ती चूक माझी.

"मामा, वैद्याला तुम्ही दिसत नाही," मी ओरडले.

"मागच्या टायमाला बरा दिसलो."

"तेव्हा गाळणी नव्हती. नंतर मी बसवली. तुम्ही त्या पिल्लाजवळ आहात तोवर यंत्राच्या लेखी आत कुणीही नाही. साडेसहाला दरवाजा उघडणार."

ते थांबले. हणमंत माझ्या खांद्यावरून टॅबमध्ये बघत होता. "मामा, खरं हाय," तो म्हणाला. "शून्य दावतंय."

तो शिडीकडे धावला. मी त्याचा दंड धरला, नखं लागतील इतका घट्ट.

जतकडच्या आमच्या गावात मी नऊ वर्षांची असताना एक शेळी जुन्या विहिरीत पडली. माझे वडील, अण्णा, दोर धरून उतरले. तळाची हवा खराब होती. ते हाकेला ओ देईनात. म्हणून धाकटे काका उतरले. दोघांचीही प्रेतंच दोराने बांधून वर काढली. शेळी आधीच मेलेली होती, हे नंतर कळलं. मी नियम पाळते ते कुणाला जाच व्हावा म्हणून नाही. एकामागोमाग दुसरा कसा उतरतो ते मी काठावरून बघितलेलं आहे.

"तू हलायचं नाहीस," मी हणमंताला म्हणाले. "मामा, वर या. मी कुलूप लावते."

दौलूमामांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघितलं. "आधी लाव. मग येतो."

"नाही. आधी तुम्ही वर."

"का? मी आत हाय तोवर लावलंस तर कुलूप कायद्यातलं. तुला कुणी बोलणार न्हाई. मी वर आल्यावर लावलंस तर आत माणूस नसताना लावलंस. घरी जाशील."

"माहीत आहे. तो नियम मीच पाठ करून घेते सगळ्यांकडून."

"मग?"

"मग काय, मामा. तुम्ही आत आहात म्हणून मी कुलूप लावलं, तर उद्या प्रत्येक जण आधी उडी मारेल. जनावर वाचवायचं तर आत उतरावं लागतं, असंच सगळे शिकतील. एक दिवस माझ्या हातात टॅब नसेल, आणि कुणाच्या तरी बायकोला मला फोन करावा लागेल. हे कुलूप मला पिल्लासाठीच लावायचं आहे. त्यात तुमचा हात नको. वर या."

सहा वाजायला पाच कमी होते. पिल्लू त्यांच्या मांडीला नाक लावायचा विचार करत होतं. दौलूमामांनी त्याच्याकडे बघितलं, काहीतरी पुटपुटले, आणि पाठ न वळवता मागे मागे येत शिडी धरली. शेवटच्या पायरीवर मी हात दिला. चार वर्षांनी त्यांनी माझा हात धरला, आणि धरून ठेवून म्हणाले, "लाव जा आता."

कपाटाची किल्ली भांडारात होती. मी काच दगडाने फोडली. माझं कुलूप तिसऱ्या खिळ्याला होतं, नुकतंच घासलेलं. त्याची किल्ली सहा वर्षं घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. का ठेवली होती कोण जाणे. अडसर लोण्यासारखा सरकला. भोकाच्या कडेला खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. कुलूप अडकवलं, दाबलं आणि एकदा ओढून बघितलं.

मग काळसेकरांना फोन केला. "सहा वाजून दोन मिनिटं झालीत. वीस मिनिटं आधी सांगा म्हणालात, अठ्ठावीस आधी सांगते. साडेसहाला दरवाजा उघडणार नाही. वीज दुसरीकडून वळवा. कारण बिघाड."

"काय बिघडलंय?"

"सुरक्षा अधिकारी वैजयंता खोत. आत माणूस नसताना तिने अडसराला कुलूप लावलं आहे. असंच लिहा."

"कळतंय ना तुम्हाला, काय करताय?" ते म्हणाले.

"तुमच्यापेक्षा जास्त. नियम मी लिहिलाय."

हणमंताने साखळी ओढून खालच्या टोकाचं जाळीचं दार उचललं. पुढचं काम दौलूमामांनी हातात घेतलं. "समदी मागं व्हा. गाड्यांचे दिवे मालवा. तिच्या तोंडासमोर कुणी जायचं न्हाई." ते एकटे वरच्या अंगाला लांब जाऊन बसले आणि घोंगडं झटकायला लागले, दर थोड्या वेळाने एकदा. त्या आवाजापासून लांब जायला आई खालच्या टोकाकडे सरकू लागली, आणि तळातून पिल्लू तिच्या आवाजामागे. मध्येच ते उलटं फिरलं की ती थांबून हंबरायची. चारशे मीटरला त्यांना तास लागला.

साडेसहाला मोटर घुमली. अडसराला धक्का बसला, माझं कुलूप तटतटलं. पुन्हा एक धक्का. मग मोटर बंद पडली आणि बिघाडाचा पिवळा दिवा लागला. तालुक्यातले दिवे दरीच्या पलीकडे होते तसेच लागलेले होते; काळसेकरांनी काम केलं होतं. पाचच मिनिटांत त्यांच्यावरच्या कुणाचा तरी हणमंताला फोन आला, की कुलूप कापून टाक.

"साहेब, दुसऱ्याचं कुलूप हितं कुणी काढत न्हाई," हणमंत म्हणाला. वर आणखी म्हणाला, "वाटल्यास तुमी या." मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

सात वाजून दहा मिनिटांनी पिल्लू उतारावरून वर आलं. आईने त्याला एकदा हुंगलं, ढुशी देऊन पुढे घातलं, आणि दोघं पडलेल्या झाडाच्या फटीतून रानात गेली. मागे वळूनबिळून कुणी बघितलं नाही.

मी अडसरापाशी गेले आणि किल्ली काढली. दौलूमामा मागे येऊन उभे राहिले होते. मी कालव्याकडे तोंड केलं.

"कोण हाय का आत?"

वैद्यबुवा आल्यापासून त्या कालव्यात कुणी हाक मारली नव्हती. आवाज बोगद्याच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. दुसरी हाक मारली. मग तिसरी. तिसरीनंतर मी कान लावला नाही. बॅटरी घेऊन कठड्याने चारशे मीटर गेले आणि दुसऱ्या कडेने परत आले. तळाशी शेवाळावर खुरांच्या ओरखड्यांशिवाय काही नव्हतं. विहिरीच्या काठावर तेव्हा कुणी एवढं थांबलं असतं तर, हे मनात आलं आणि मी दौलूमामांसमोर रडले. मी डोळे पुसले आणि कुलूप काढलं.

पाणी सुटल्यावर दरवाजाच्या खोलीत बसून मी अहवालाचा कागद पुढे घेतला. दौलूमामा बाकावर चहा पीत होते.

"वैजू, माझ्या वेळचा फारम तुला पाठ असंल."

"शब्दन् शब्द."

"नोकरी गेली त्याचं मला काय वाटलं न्हाई. 'नियमभंगाचं कारण' म्हणून त्यात तू लिवलंवतंस, 'भावनेच्या भरात'. ते लागलं. मी पानी बघून, घड्याळ बघून, समदा इचार करून उतरलो हुतो. आन् तू मला येडा ठरवलंस."

"तुमचं चुकलंच होतं, मामा. आजही चुकलात. आज तर मेला असतात."

"चुकलो असंन. पर इचार करून चुकलो."

मी कागद भरला. तारीख, वेळ, ठिकाण. आत असलेली माणसं: शून्य. कुलूप लावणाऱ्याचं नाव. सतराव्या नियमाखाली कारण लिहून तो उद्याच सगळ्यांना वाचून दाखवावा, असं एक वाक्य घातलं. नियमभंगाच्या कारणाच्या रकान्यापाशी आले तेव्हा पेन थांबलं नाही. 'पूर्ण विचार करून' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग फायलींच्या कपाटातून चार वर्षांपूर्वीची फाईल काढली. दौलूमामांच्या कागदावर मी लिहिलेले ते दोन शब्द होते, माझ्याच वळणदार अक्षरात. ते खोडले, वर 'पूर्ण विचार करून' हे तीन शब्द लिहिले आणि शेजारी आजची तारीख घालून सही केली. जुना कागद असा खोडायचा नसतो. तोही नियम आहे.

"वाच," दौलूमामा म्हणाले.

मी दोन्ही कागद मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी कप खाली ठेवला, माझं कुलूप उचललं आणि मुंडाशाच्या टोकाने त्यावरचं तेल पुसायला घेतलं.